पुतळीचा घास

मेलेली बाई जिवंत बाईच्या गळ्यात अडकवायची पद्धत ज्यानं काढली, तो बाप्याच असला पाहिजे. बायको मेली, तेरवी झाली, की वर्ष फिरायच्या आत दुसरी आणायची. आणि पहिलीनं येऊन दुसरीला छळू नये म्हणून पहिलीची चांदीची पुतळी करून दुसरीच्या गळ्यात घालायची. अंगठ्याच्या नखाएवढा पत्रा, त्यावर उठवलेली एक बाई. दुसरी जेवायला बसली की पहिला घास पुतळीच्या तोंडाला लावणार, मग आपण खाणार. नवं लुगडं आधी पुतळीला दाखवणार. काही अडलं-नडलं तर तिलाच विचारणार. पुतळी हलली तर होकार, गप्प राहिली तर नकार. बाप्या मोकळा. त्याच्या गळ्यात ना पहिली, ना दुसरी.

आता ही पद्धत यवतमाळकडच्या शेतकरी घरांतून जवळजवळ गेली. बोरी अरबच्या वच्छलाबाईच्या गळ्यातून गेली नव्हती. तिच्या गळ्यात पंचफुला होती. पंचफुला म्हणजे मारोतरावांची पहिली बायको, प्रेरणाची आई. मारोतराव गेले तेव्हा वच्छलाबाईचं मंगळसूत्र उतरलं, पुतळी उतरली नाही. नवऱ्याचं नातं सुटलं, सवतीचं सुटलं नाही. एकटी बाई दिवसभर घरात बोलत बसायची आणि गल्लीतले लोक हसून सांगायचे, "थ्या घरात दोघीजनी रायतात."

प्रेरणा त्या घरात वाढलीच नाही. आई गेली तेव्हा ती अंगावर पिणारी होती. आजीनं तिला उचललं आणि दिग्रसला मामाकडे नेलं. या आजीनं पोरीच्या डोक्यात एक खिळा ठोकून ठेवला होता: आईच्या सवतीच्या हातचं खायचं नाही, ती काहीतरी घालून देईल. सणावाराला प्रेरणा बोरीला बापाला भेटायला जायची, वच्छलाबाई ताट वाढायची, आणि ही म्हणायची, "खाऊन आली, मावशी." आजी मेली, बाप मेला, प्रेरणाच्या केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी ते "खाऊन आली" काही बदललं नाही. वच्छलाबाईनंही ताट वाढायचं सोडलं नाही.

प्रेरणा दागिने करायची. म्हणजे लग्नात घालायचे नाहीत. दिग्रसच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या मागच्या खोलीत बसून ती चांदीच्या तारेत कपाशीच्या पऱ्हाटीची वाळकी बोंडं गुंफायची, तुरीच्या शेंगांच्या आकाराची कानातली ठोकायची, तुटलेल्या इंजिनाच्या पितळी चकत्यांचा हार करायची. गावातल्या बायका येऊन पाहायच्या आणि म्हणायच्या, "माय वं, हे घालून कोन कोठी जाईन?" सोनार लोक तर तिला हसतच. नागपूरच्या एका-दोन प्रदर्शनांत तिच्या वस्तू लागल्या, लोकांनी कौतुक केलं, चहा पाजला, घरी पाठवलं. पण तिच्या डोक्यात एकच होतं: आपलं स्वतःचं, एकटीचं प्रदर्शन. आपल्या नावाची खोली, आपल्या वस्तू, दुसरं कोणी नाही. त्यासाठी तिनं मुंबईच्या एका कला-न्यासाकडे अनुदान मागितलं.

या न्यासवाल्यांना तिची बोंडं आवडली नाहीत, इंजिनाच्या चकत्या तर अजिबात नाहीत. त्यांना अर्जातली एकच ओळ आवडली: 'प्रदर्शनाच्या मध्यभागी माझ्या आईची पुतळी असेल.' निवड समितीतल्या आभा मॅडमनी व्हिडिओ कॉलवर डोळे मोठे करून सांगितलं, "प्रेरणा, हे फार पॉवरफुल आहे. पण खरी पुतळी हवी हं. जी गळ्यात घातली जाते ती. रेप्लिका असेल तर समितीला इंटरेस्ट नाही. मी स्वतः येऊन बघणार."

प्रेरणानं हो म्हटलं. वच्छलाबाईला विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं. पुतळी आपल्या आईची आहे, तेव्हा ती आपलीच, असं ती धरून चालली होती.

दारव्ह्यात बस बदलून ती बोरीला गेली. ऊन असं होतं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. वच्छलाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि हसली.

"मले काहून विचारतं? तिले विचार."

"मावशी, चेष्टा नको करू."

"चेष्टा कायची?" वच्छलाबाईनं पुतळी दोन बोटांनी उचलली आणि सोडली. पुतळी छातीवर जरा झुलली, थांबली. मग तिनं खाली मान घालून विचारलं, "पंचफुला, पोरगी मुंबईले नेतो म्हनते तुले. जातं का वं?"

पुतळी हलली नाही. वच्छलाबाईनं श्वास रोखलेला होता, हे प्रेरणानं पाहिलं.

"नाही म्हनते."

"तू हललीच नाही, मंग थे कशी हलन!" प्रेरणा भडकली. "माही माय हाये थे. फोटो नाही माह्याजोळ तिचा. आवाज नाही मालूम. अन् तू सारी जिंदगी गळ्यात घालून बसली!"

"हौसेनं घातली का मी?" वच्छलाबाईचा आवाज चढला नाही. "लग्नाच्या दिवशी घातली तुह्या बापाच्या मायनं. हातभर घुंगट होता, कोन काय घालून राह्यलं ते बी दिसलं नाही. सोळाची होती. रात-दिस भेव वाटे. मंग सवय झाली. आता माह्याशी बोलनारं दुसरं हाये कोन? बस, ताट वाढतो."

"खाऊन आली."

पण उठता उठता प्रेरणाच्या कारागिराच्या नजरेनं एक गोष्ट टिपली. पुतळीची कडी झिजून केसाएवढी झाली होती. आज ना उद्या तुटणारच.

"मावशी, कडी गेली पाय. कोठी वावरात पडली तर सापडन का? दे, जोडून देतो."

वच्छलाबाईनं कडीवरून नख फिरवून पाहिलं. मग मान पुढं केली. दोऱ्याची गाठ प्रेरणानंच सोडली. गळ्यावर जिथं पुतळी असायची, तिथं कातडीवर एक गोरा, ओलसर डाग होता, झाकून ठेवलेल्या जागेसारखा.

"लवकर आनजो. तिच्याबिगर घास नाही उतरत माह्या गळ्याखाली."

तर अशी ही चोरी. प्रेरणा तिला चोरी म्हणायला तयार नव्हती. दिग्रसला येऊन तिनं राळेच्या मऊ गादीवर चांदीचा पत्रा बसवला आणि दुसरी पुतळी ठोकायला घेतली. अंग, पदर, हात सगळं मुळाबरहुकूम उठलं. चेहऱ्यापाशी येऊन ती अडली, कारण मूळ पुतळीला चेहराच उरला नव्हता. इतक्या वर्षांच्या घासांनी नाक-डोळे पुसून गुळगुळीत झाले होते. आधी चेहरा उठवायचा आणि मग तो घासून झिजवायचा, तरच ती जुनी वाटणार. पण चेहरा कोणाचा उठवायचा?

या भागातले जुने सोनार पुतळी करताना कोणाच्या तोंडाकडे बघत नसत. आपल्या बायकोलाही समोर येऊ देत नसत. सगळ्या पुतळ्यांना एकच चेहरा, बाजारातल्या बाहुलीसारखा. प्रेरणाला हा त्यांचा आळस वाटायचा. शिवाय लहानपणापासून एकूण एक माणूस तिला सांगत आला होता, "तू तं हुबेहूब पंचफुला हायेस." तिनं भिंतीवरचा आरसा काढला, समोर टेकवून ठेवला, आणि त्यात बघत बघत चेहरा उठवला. चांगला उठला. मग राखेनं आणि चामड्यानं घासून पुसट करून टाकला.

दोन दिवसांनी तिनं ती नवी पुतळी वच्छलाबाईच्या गळ्यात बांधली. म्हातारीनं चाचपून पाहिली, तळहातावर तोलली. मग म्हणाली, "जेवतं का?"

"खाऊन आली."

परतीच्या बसमध्ये, दारव्ह्याच्या अलीकडे, प्रेरणाच्या तोंडात अंबाडीची भाजी आली.

आली म्हणजे आलीच. आंबट, तेलाची, वर ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, तव्यावर किंचित करपलेला. तिनं सकाळी पोहे खाल्ले होते. तिनं जीभ फिरवली, दातांत काही नव्हतं. चव मात्र घशापर्यंत गेली आणि गिळली गेली. शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं नाही का ताई?" प्रेरणानं खिडकी उघडली आणि गरम वारा तोंडावर घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरण-भात आला. त्याच्या पुढच्या दिवशी ठेचा. डोळ्यांतून पाणी निघालं, आणि तेव्हा ती दिग्रसच्या बाजारात कांदे निवडत उभी होती. तिनं डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, पित्त. तिनं गोळ्या खाल्ल्या. गोळ्यांवर चून-भाकर आली.

मग वच्छलाबाईचा आवाज सुरू झाला. कानात नाही, मानेच्या मागं कुठंतरी. "पंप दुरुस्त करून घेऊ का, राहू दिऊ?" आणि प्रेरणाची मान हलली. तिनं हलवली नव्हती. "घनश्यामले वावर मक्त्यानं देऊ का औंदा?" मान ताठ झाली, खांबासारखी, प्रश्न निघून जाईपर्यंत तिला ती वळवता आली नाही.

खरी पुतळी मात्र खोलीतल्या लाकडी ठोकळ्यावर टांगलेली होती. तिच्यात काही नव्हतं. एका दुपारी प्रेरणानं, स्वतःलाच शिव्या देत, डब्यातल्या पोळीचा तुकडा तिच्या तोंडाला लावला. "माय, मी तुही पोरगी. ओळखलं का?" पुतळी थंड पत्र्यासारखी लोंबत राहिली. चाळीशीला टेकलेली बाई तो तुकडा हातात धरून लहान पोरीसारखी रडली.

आभा मॅडम भर दुपारी आल्या. गाडीतून उतरल्या, खादीची साडी, गळ्यात कोण्या आदिवासी बाईचा जुना हार. कोणाचा, ते त्यांना माहीत नव्हतं. "रायपूरला घेतला" म्हणाल्या. बोंडांच्या हारावरून त्यांची नजर घसरली आणि पुतळीवर जाऊन चिकटली.

"ओह. बघ, अंगावर काटा आला." त्यांनी मोबाइल काढला. "चेहराच नाहीये! किती बोलतं ते. एक बाई पूर्ण पुसली गेलीय."

"घासांनी पुसली गेली," प्रेरणा म्हणाली. "रोज कोणी भरवलं म्हणून."

"एक्झॅक्टली, तेच. पुसली गेली." मॅडमनी ऐकलंच नव्हतं. "आता एक प्रॅक्टिकल गोष्ट. ही मध्यभागी बंद काचेत राहील. महिनाभर. विमा आहे, त्यामुळे एकदा सील केलं की कोणी हात लावायचा नाही. तूसुद्धा नाही. दालनात खाणंपिणं तर अजिबात नाही. हे मान्य असेल तर अनुदान तुझं. बोल."

प्रेरणाला नाही म्हणायचं होतं. रोज एक घास लावू द्या, एवढंच तिला मागायचं होतं. शब्द जुळवत होती तेवढ्यात तोंडात भाकरी आली आणि मानेमागून वच्छलाबाईचा आवाज आला, शांत, जेवता जेवता विचारलेला: "औंदा तूर पेरू ना सारी?"

मान हलली. वर-खाली, ठसठशीत.

"ग्रेट!" आभा मॅडम म्हणाल्या. "मला माहीत होतं."

गाडी गेल्यावरची पहिली बस धरून प्रेरणा बोरीला पोचली. खरी पुतळी तिच्या मुठीत होती. वच्छलाबाई ओसरीवर डाळ पाखडत बसली होती. तिनं वर पाहिलंही नाही.

"आली का. म्या विचारलंच होतं सकाळी, पोरगी येते का म्हनून. जोरात हलली."

प्रेरणा मटकन खाली बसली. "तुले मालूम हाये."

"पयल्याच दिवशी समजलं. हे पंचफुला नोहे म्हनून. वजन दुसरं, आंग दुसरं." सूप थांबलं. "पर कोनी तरी हाये, हे बी समजलं. घास लावला तं गरम झाली. मंग उजेडात धरून नीट पाह्यलं, तं तुहं तोंड. जित्या बाईची पुतळी कोनी करते का वं पोरी? सोनार डोये झाकून कायले ठोकत होते, येडे होते का?"

"मंग काढली काहून नाही तू?"

वच्छलाबाईनं गळ्यातली पुतळी बोटांत घेतली, कुरवाळली. प्रेरणाच्या गालावरून खरखरीत अंगठा फिरला. ज्या हाताचा तो अंगठा, तो हात तीन हात दूर होता.

"इतकी वर्सं ताट वाढलं," म्हातारी म्हणाली. "एक घास नाही खाल्ला तू माह्या हातचा. आता खातं. रोज खातं. कशी काढू?"

ओसरीवर चिमण्या डाळीचे दाणे टिपत होत्या. प्रेरणाला राग आणायचा होता. आयुष्यभर पुरेल एवढा राग तिच्याजवळ होता, आणि नेमका आत्ता तो सापडेना.

"मावशी, दे थे मले," ती शेवटी म्हणाली. "तुही पंचफुला घे, हे पाय, आनली. मुंबईच्या काचेत मी हेच ठेवतो, माही. थ्या बाईले काय समजते खरी कोनती अन् खोटी कोनती. घासून पुसून दोघी सारख्याच हायेत."

वच्छलाबाईची मूठ गळ्यातल्या पुतळीवर आवळली. प्रेरणाचा श्वास अडला. बरगड्यांवर चहूकडून दाब आला, डोळ्यांपुढं काळं झालं.

"मावशी... मूठ..."

"जिती बाई काचेत कोंडतं?" मूठ सुटली. "उपाशी, महिनाभर? मरशीन ना वं!"

"मंग मुंबई राहू दे. नाही म्हनून सांगतो त्यायले." हे वाक्य तोंडातून निघताना प्रेरणाला कळलं, की हे बोलायला आपल्याला किती लागतंय. ती नावाची खोली. त्या वस्तू. ते एकटीचं. तिचा आवाज फुटला आणि वच्छलाबाईनं तो ऐकला.

म्हातारी उठली. प्रेरणाच्या हातातली खरी पुतळी घेऊन तिनं ती ओसरीच्या खुंटीला अडकवली आणि चार पावलं मागं सरकली. पदरही आवरून धरला, त्याचा वारा लागू नये म्हणून. बाहेर ऊन पाण्यासारखं स्थिर उभं होतं. लिंबाचं पान हलत नव्हतं.

"पंचफुला," ती म्हणाली, "तुया पोरीच्या जागी काचेत जातं का वं?"

पुतळी हलली. आधी थोडी, मग भिंतीला टक टक आवाज येण्याइतकी. चिमण्या उडाल्या. ज्या आईनं दिग्रसमध्ये एकदाही प्रेरणाला ओळख दिली नव्हती, ती भिंतीवर डोकं आपटल्यासारखी हो, हो म्हणत होती.

निघताना वच्छलाबाईनं बजावलं, "आजपासून दोन घास काढीन. एक तुहा, एक तिचा. तिचा तू पोचवजो."

"काच सीलबंद रायते. कसा पोचवू?"

"थे तू पाय. नेतो म्हनलं तू, म्या नाही."

त्या दिवशी प्रेरणानं पहिल्यांदा त्या घरात ताटावर बसून भाकरी खाल्ली. पण पहिला घास तिच्या तोंडात तिनं हात लावायच्या आधीच आला होता.

प्रदर्शन डिसेंबरात मुंबईत लागलं. थंड पांढरी खोली, बाहेर तिचं नाव. बोंडांचे हार भिंतींच्या कोपऱ्यांत ढकललेले, आणि मधोमध काचेच्या पेटीत, वरून सोडलेल्या तारेला, पंचफुला. शेजारी पाटी: कृपया स्पर्श करू नये. उद्घाटन दुपारी ठेवलं होतं. शेजारच्या दालनात पाहुण्यांच्या ताटल्या वाजत होत्या. आभा मॅडम एकेकाला पेटीपाशी आणून सांगत होत्या, बायकांचं दुःख, परंपरेची हिंसा, पुसला गेलेला चेहरा. लोक माना डोलवत, फोटो काढत आणि वड्यांकडे जात. अनुदान देणाऱ्यांनी प्रेरणाला सगळं दिलं होतं, फक्त एका घासाची परवानगी नव्हती.

"ही हलतेय का?" कोणीतरी विचारलं.

"एसीमुळे असेल," आभा मॅडम म्हणाल्या.

पेटी चारही बाजूंनी सीलबंद होती.

तेवढ्यात बोरीत वच्छलाबाई जेवायला बसली. पहिला घास आला, मेथीची भाजी, भाकरी; प्रेरणानं गिळला. मग दुसरा आला. तो जिभेवर बसून राहिला. गिळावा तर गिळेना, थुंकावा तर तोंडात काही नाही. तो फुगत गेला, गाल भरले, श्वास नाकातून शिटीसारखा यायला लागला. काचेत पुतळी गोल गोल फिरत होती, भुकेलं लेकरू दारापाशी फिरतं तशी.

प्रेरणा लोकांना बाजूला सारत पेटीपाशी गेली. दोन्ही हात काचेवर ठेवले आणि पुतळीच्या तोंडासमोर आपलं तोंड काचेला लावलं. जीभ, दात, सगळं. खोली एकदम गप्प झाली. मग कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. "काय परफॉर्मन्स आहे!" आभा मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मोबाइल वर झाले.

जिभेवरचं ओझं हळूहळू उतरलं. प्रेरणानं तोंड मागं घेतलं. पुतळी आता स्थिर होती. काचेवर ओठांच्या आकाराची वाफ धरली होती. तिनं पदरानं ती पुसली. पुसली गेली नाही. तिनं पुन्हा पुसली.

वाफ आतून होती.